धावत्या क्रियापदाची चाल

इंग्रजी शब्दकोश चाळणाऱ्याचा सर्वसाधारण समज असा असतो की, जो शब्द उच्चारताना जीभ अडखळते त्याचीच नोंद कोशात लांबलचक असणार आणि जो शब्द पहिल्या यत्तेतल्या मुलालाही येतो त्याची बोळवण दोन ओळींत होत असणार. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. भारदस्त, लॅटिनोद्भव, पाच-सहा अवयवांच्या शब्दांना बहुधा एकच अर्थ असतो आणि तो सांगून कोशकार मोकळा होतो; त्याची खरी दमछाक करतात ती 'गो', 'गेट', 'पुट', 'सेट', 'टेक', 'रन' यांसारखी चिमुकली क्रियापदे. सॅम्युएल जॉन्सन याने १७५५ साली आपला इंग्रजी कोश प्रसिद्ध केला, तेव्हा प्रस्तावनेतच त्याने या जातीच्या क्रियापदांची नावनिशीवार यादी देऊन त्यांच्या सैल वागणुकीबद्दल तक्रार नोंदवली, आणि एवढे करूनही 'टेक' या एका क्रियापदाचे १३४ अर्थ त्याला लिहावे लागलेच. त्या यादीत 'रन'चेही नाव होते; मात्र तेव्हा ते अनेक संशयितांपैकी एक होते, म्होरक्या नव्हते.

म्होरकेपण त्याच्याकडे आले ते बऱ्याच उशिरा. 'ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी' या कोशाचा पहिला भाग १८८४ साली निघाला, सारा कोश पुरा व्हायला १९२८ साल उजाडले, आणि १९८९ साली वीस खंडांची दुसरी आवृत्ती आली तेव्हा तिच्यातली सर्वांत लांब नोंद 'सेट' या क्रियापदाची होती. तिचे सुमारे ४३० अर्थ आणि साठ हजारांच्या घरातले शब्द पाहता एखाद्या बेताच्या कादंबरीएवढा मजकूर या तीन अक्षरांवर खर्ची पडला होता, फरक इतकाच की कादंबरीत निदान कोणीतरी लग्न करते किंवा मरते. पुढे कोशाची आमूलाग्र दुरुस्ती सुरू झाली, आणि तीत आधी 'मेक', मग 'पुट' आणि अखेर २०११ साली 'रन' यांनी एकमेकांना मागे टाकले. 'रन'च्या केवळ क्रियापदरूपाचे ६४५ अर्थ निघाले, नामाचे वेगळेच. हे अर्थ वेगळे काढण्याचे काम कोशाचे एक संपादक पीटर गिलिव्हर यांनी नऊ महिने केले; हा कालावधी मराठी वाचकाला निराळ्या संदर्भात परिचित असला, तरी त्या संदर्भात निष्पत्ती बहुधा एकच असते, क्वचित जुळे.

एका शब्दाला परस्परांशी नाते असलेले अनेक अर्थ असणे याला भाषाशास्त्रात अनेकार्थता म्हणतात. ती सर्व भाषांत असते, पण इंग्रजीने तिचा जो विनियोग केला आहे तो पाहता सरकारी कचेरीतला तो एक लिपिक आठवतो, जो नेमणुकीने आवक-जावकचा असतो, पण रिक्त जागा भरल्या न गेल्यामुळे त्याच्याकडे आस्थापना, भांडार, रोकड आणि निवडणूक शाखा यांचाही अतिरिक्त कार्यभार असतो, आणि मूळ टेबलावर तो कधीच सापडत नाही. 'रन'चे मूळ टेबल म्हणजे दोन पायांनी झपाझप जाणे. ते अजून शाबूत आहे, पण त्यावर धूळ आहे.

हा कार्यभार वाढला कसा, याचे उत्तर काही अंशी भाषेच्या जन्मातच आहे. 'रन'च्या जर्मानिक मुळाला आरंभापासूनच पळण्याबरोबर वाहण्याचाही अर्थ होता, त्यामुळे नदी धावणे किंवा सर्दी झालेल्या मुलाचे नाक धावणे हा इंग्रजीतला पुढचा विनोद नसून मूळचाच संसार आहे. त्यानंतर यंत्रयुग आले, आणि आतापर्यंत माणसे, घोडे, हरणे आणि पाणी यांच्यापुरते असलेले हे क्रियापद चाती, पट्टे, इंजिने, आगगाड्या, पंखे, आणि शेवटी संगणकातल्या आज्ञावली यांना लागू झाले. मराठी कार्यालयातही प्रोग्रॅम 'रन होतो', आणि न झाल्यास तो का रन होत नाही हे शोधण्यासाठी चौघे जण स्तब्ध बसलेले असतात.

या बाबतीत पाणिनीय परंपरेचा संयम स्मरणीय आहे. संस्कृत क्रियापदांच्या मूळ रूपांना धातू म्हणतात, आणि त्यांची अर्थांसह दिलेली यादी म्हणजे धातुपाठ. मराठी 'धावणे' ज्या 'धाव्' या धातूपासून आले त्याला धातुपाठाने गती आणि शुद्धी असे दोनच अर्थ दिले आहेत. म्हणजे धावणे आणि धुणे हा एका धातूचा अर्थविस्तार, आणि तेवढ्यावर शास्त्रकार पुढच्या धातूकडे वळले. ऑक्सफर्डच्या ६४५ अर्थांशेजारी हे दोन अर्थ ठेवले, तर भारतीय कोशकारांनी नऊ महिन्यांत काय काय उरकले असते याचा अंदाज बांधता येतो. अर्थात हा संयम एकतर्फीच म्हटला पाहिजे, कारण धातुपाठात 'गती' एवढाच अर्थ दिलेले धातू इतके आहेत की, तिथे एका शब्दाला अर्थ फार न होता एका अर्थाला शब्द फार झाले आहेत.

'रन' मराठीत आणायला निघालेल्या भाषांतरकाराला लवकरच एक चमत्कार आढळतो, तो असा की इंग्रजीत जे जे धावते ते सरहद्द ओलांडताच चालू लागते. इंग्रजीत दुकान धावते, मराठीत ते चालते. यंत्र, घड्याळ, खटला, शाळा, संसार आणि सरकार ही सगळी इंग्रजीत धावत असतात. मराठीत ती चालतात, आणि धापा न टाकता चालतात. लंडनमध्ये 'माउसट्रॅप' हे नाटक १९५२ सालापासून, साथीच्या काळातला खंड सोडला तर, 'धावते' आहे आणि तिथे त्याच्या धावेची वर्षे मोजतात. मराठी रंगभूमीवर नाटक चालते किंवा पडते, त्याचे प्रयोग मोजले जातात, आणि 'वस्त्रहरण'सारखे नाटक पाच हजारांवर प्रयोग चालून गेले तरी ते धावले असे कोणी म्हणत नाही. रस्ता तर चालण्याच्याही फंदात पडत नाही: तो पुण्याहून साताऱ्याला नुसता 'जातो'. स्वस्त कापडाचा रंग इंग्रजीत धावतो, मराठीत तोही 'जातो', जणू त्याची बदली झाली आहे. घराण्यात मधुमेह असेल तर इंग्रजी डॉक्टर तो घराण्यात धावतो असे म्हणतो. आणि तो धावतो याचे एक कारण बहुधा असे असते की घराण्यातले दुसरे कोणी धावत नाही.

ही गतीतली तफावत केवळ 'रन'पुरती नाही. ती थेट लॅटिनपर्यंत पोचते. धावणे या अर्थाच्या 'कुर्रेरे' या लॅटिन क्रियापदापासून इंग्रजीत शब्दांचा मोठा गोतावळा आला. 'करन्सी' म्हणजे मुळात धावणारी गोष्ट. मराठीत ते चलन झाले. बँकेतले 'करंट अकाउंट' म्हणजे धावते खाते. मराठीत चालू खाते. 'करिक्युलम' म्हणजे धावण्याची शर्यत किंवा तिचे मैदान. मराठीत अभ्यासक्रम, आणि त्यातला 'क्रम्' हा धातू धातुपाठाप्रमाणे पाऊल टाकण्याचा, तेही एकेक. 'कर्सर' म्हणजे धावपटू. पडद्यावर तो एका जागी लुकलुकत उभा असतो, हा दोष मराठीचा नव्हे. 'कॉरिडॉर' म्हणजे इटालियन भाषेतून आलेली धावण्याची जागा, पण मंत्रालयाच्या ज्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये अभ्यागत पास लावून तिष्ठत असतात, तिथे धावण्याची मुभा कोणालाच नाही. तिथली फाइल तर चालतही नाही. ती सरकते, आणि तिला सरकवणारा कोणी लागतो.

'चालणे' हे मराठी क्रियापद काही साधेसुधे आहे असे नव्हे. त्याच्या मुळाशी असलेल्या 'चल्' धातूचा धातुपाठातला अर्थ कंप पावणे असा आहे, आणि त्या कंपनातून मराठीने जे उभे केले ते ऑक्सफर्डच्या संपादकांनी पाहिले तर त्यांनाही रजा काढावी लागेल. डोके चालते, हात चालतो, तोंड चालते, लेखणी चालते, वशिला चालतो, फाटकी नोट चालत नाही, सोवळ्यात सुती चालत नाही पण रेशमी चालते. गाण्याला चाल असते, बुद्धिबळात चाल असते, घराण्यात चालीरीती असतात. पाहुण्याला चहाऐवजी कॉफी 'चालते', आणि 'चालेल' या एका शब्दात संमती, नाइलाज, उदारपणा आणि कंटाळा यांपैकी काय आहे हे केवळ स्वरावरून ओळखावे लागते. 'चालू' हे विशेषण वर्षाला, महिन्याला आणि घडामोडींना लावले तर वर्तमान सूचित होते, नळाला लावले तर पाणी, आणि माणसाला लावले तर त्याच्याशी व्यवहार करताना कागद करून घ्यावा असे सूचित होते.

व्याकरणाच्या अंगाने पाहता इंग्रजीची एक मोठी सोय, किंवा आळस, इथे उघडा पडतो. क्रिया स्वतः करणे आणि ती दुसऱ्याकडून करवणे यांत मराठी भेद करते, आणि दुसऱ्या प्रकारच्या रूपाला प्रयोजक क्रियापद म्हणते: चालणे–चालवणे, बसणे–बसवणे, पळणे–पळवणे. इंग्रजीत माणूस 'रन' करतो आणि तोच माणूस कारखानाही 'रन' करतो, रूप एकच. मराठीत कारखाना चालवणे आणि कारखाना पळवणे यांत जो फरक आहे तो लेखापरीक्षकाला विचारावा. संस्थेचे संचालक हे पद 'चालवणे' या अर्थावर उभे आहे, आणि वार्षिक सर्वसाधारण सभेत सभासदांचा आक्षेप बहुधा हाच असतो की त्यांनी संस्था चालवण्याऐवजी दुसरे प्रयोजक क्रियापद वापरले.

'रन'च्या पुढे एक छोटे अव्यय जोडले की अर्थ कुठल्या कुठे जातो. अशा जोड-क्रियापदांनी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पोसलेल्या पिढ्यांना बरेच रडवले आहे. 'रन आउट' झाले म्हणजे दूध संपते, फलंदाज बाद होतो किंवा माणूस घराबाहेर पळतो. 'रन इंटू'ने जुना मित्र अचानक भेटतो, गाडी झाडावर आदळते, आणि दुरुस्तीचा खर्च हजारांत जातो. 'रन डाउन'मध्ये घड्याळाची किल्ली उतरते, प्रकृती खालावते, पादचाऱ्याला मोटार उडवते आणि शेजारणीची निंदा होते. यांपैकी शेवटच्या अर्थाला मराठीत क्रियापदाची वाण कधीच पडली नाही. 'रन अप'मध्ये गोलंदाज धावत येतो, दुकानात उधारी चढते आणि शिवणयंत्रावर बाळाचे झबले घाईने शिवून होते. 'रन थ्रू' म्हणजे धडा भराभर उजळणे, नाटक सलग करून पाहणे आणि माणसाच्या आरपार तलवार घालणे, त्यामुळे शिक्षकाने परीक्षेपूर्वी काय केले हे वाचताना संदर्भ पाहणे इष्ट. 'रन ओव्हर'ने गाडी अंगावरून जाते आणि व्याख्यान वेळेबाहेर जाते. श्रोत्यांच्या दृष्टीने हे दोन अर्थ कोशाने वेगळे दाखवण्याचे कारण नव्हते.

छोट्या क्रियापदांवर भिस्त ठेवून भाषा सोपी करण्याचा एक गंभीर प्रयोगही होऊन गेला आहे. सी. के. ऑग्डेन या इंग्रज विद्वानाने १९३० साली 'बेसिक इंग्लिश' नावाची ८५० शब्दांची इंग्रजी मांडली, जिच्यात क्रियापदे अवघी अठरा होती आणि बाकीच्या हजारो क्रियापदांचे काम त्या अठरांनी अव्ययांच्या मदतीने करायचे होते. 'रन' त्यात फक्त नाम म्हणून होते, म्हणजे बेसिक इंग्रजीत माणसाने धावायचे नाही, धावायला जायचे. विन्स्टन चर्चिल यांना ही कल्पना आवडली आणि १९४३ साली त्यांनी तिची जाहीर भलावण केली. त्यावर अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी आपल्या परराष्ट्रमंत्र्यांना लिहिलेल्या टिपणात शंका काढली की, १९४० साली चर्चिलनी रक्त, कष्ट, अश्रू आणि घाम यांऐवजी ब्रिटिश जनतेला रक्त, काम, डोळ्यांचे पाणी आणि तोंडाचे पाणी देऊ केले असते तर इतिहासाचे काय झाले असते. ऑग्डेनच्या हिशेबात एक छोटी गफलत होती: त्याने शब्द मोजले, अर्थ मोजले नाहीत. शिकणाऱ्याला हजारो क्रियापदांपासून सुटका मिळाली, पण त्याच्या पदरी जी अठरा पडली त्यांत जॉन्सनच्या तक्रारीतली निम्मी तरी होती.

अर्थांच्या या गर्दीची दुसरी बाजू म्हणजे समानार्थी शब्द. पीटर मार्क रॉजे हा पेशाने वैद्य. त्याने १८५२ साली, वयाच्या ७३व्या वर्षी, सारखे अर्थ असलेले इंग्रजी शब्द एके ठिकाणी गोळा करणारा कोश प्रसिद्ध केला, आणि तेव्हापासून एकच शब्द दोनदा वापरण्याची इंग्रजी लेखकाला लाज वाटू लागली. धावण्यासाठी इंग्रजीत शर्यतीतले, व्यायामातले, घोड्याचे, उंदराचे आणि घाबरलेल्या माणसाचे असे निरनिराळे शब्द आहेत. मराठीही इथे कमी नाही, पण तिची श्रीमंती एका विशिष्ट खात्यात जमा झालेली दिसते. धूम ठोकणे, पळ काढणे, पोबारा करणे, सुंबाल्या करणे, काढता पाय घेणे, पाठीला पाय लावून पळणे, गुंगारा देणे, पसार होणे, गाशा गुंडाळणे, परागंदा होणे: यादी वाचत गेले की ध्यानात येते, यांतला एकही वाक्प्रचार कुठे पोचण्याविषयी नाही, सगळे कुठून तरी निसटण्याविषयी आहेत. ज्या समाजाने गनिमी काव्याला युद्धशास्त्राचा दर्जा दिला, त्याच्या भाषेत वेळेवर निघून जाण्याची परिभाषा विकसित व्हावी यात गैर काही नाही. लहान मुलासाठी 'दुडुदुडु' आणि गुन्हेगारासाठी 'फरार' एवढी दोन टोके सांभाळली की मधला प्रदेश बहुतेक पळवाटांनीच व्यापलेला आहे.

इंग्रजीला न सुचलेला एक भेद मात्र मराठीने बारकाईने जपला आहे, आणि तो म्हणजे धावणे आणि पळणे यांतला. कोणी संकटात असताना त्याच्याकडे जाणे म्हणजे धावणे. संकटाकडे पाठ करून जाणे म्हणजे पळणे. मदतीला माणूस धावून जातो, पळून जात नाही. गेलाच तर ती मदत नव्हे. भक्त देवाचा धावा करतो, आणि विटेवर युगानुयुगे उभा असलेला विठ्ठलही भक्तासाठी धावून येतो. देव पळत आला असे कीर्तनकार म्हणणार नाही. खडकीच्या लढाईनंतर १८१७ साली पुणे सोडून निघालेल्या दुसऱ्या बाजीरावाला लोकांनी 'पळपुटा' ही पदवी दिली, आणि तो कितीही लांब आणि कितीही वेगाने गेला असला, तरी त्याला 'धावपटू' म्हणण्याचे कोणाच्या मनात आले नाही. इंग्रजी इतिहासकाराला या दोन्ही प्रसंगी 'रन'वर भागवून न्यावे लागते. व्यवहारात ही सीमा नेहमीच पाळली जाते असे नाही, कारण 'पळत जा आणि कोपऱ्यावरून कोथिंबीर आण' असे सांगणारी आई मुलाने परत येऊ नये अशी इच्छा करत नसते. पण कोथिंबीर न आणता तो खेळायला गेला तर क्रियापद आपोआप खरे ठरते. तिसरा प्रकार 'भरधाव'. हे विशेषण वृत्तपत्रांनी अपघातातल्या ट्रकसाठी राखून ठेवले असून, सुखरूप पोचलेला ट्रक आजवर भरधाव गेल्याचे छापून आलेले नाही.

राजकारणात या क्रियापदाने देशोदेशींची प्रकृती उघड केली आहे. अमेरिकेत निवडणुकीचा उमेदवार 'धावतो', आणि उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराला त्याचा सहधावक म्हणतात, जो शब्द घोड्यांच्या शर्यतीतून आला आहे. ब्रिटनमध्ये उमेदवार धावत नाही, तो 'उभा राहतो', आणि ब्रिटिश अंमलाबरोबर निवडणुका आल्या त्या मराठीतही उभ्यानेच. पुढचा संसार मात्र मराठीने स्वतःच्या हिमतीवर थाटला. उमेदवार उभा राहतो, किंवा मते खाण्यासाठी त्याला उभा केला जातो; समजूत पटल्यावर तो बसतो, आणि समजूत वजनदार असल्यास त्याला बसवला असे म्हणतात; मतमोजणीत तो पडतो, आणि स्वकीयांनी कष्ट घेतले असल्यास तो पाडला जातो. उभे राहणे, बसणे, पडणे या तीन क्रिया आणि त्यांची तीन प्रयोजक रूपे एवढ्यात जिल्हा परिषदेपासून लोकसभेपर्यंतचा कारभार आटोपतो, आणि या सबंध प्रक्रियेत कोणालाही धावावे लागत नाही. धावपळीचा प्रश्न येतो तो निकालानंतर, बहुमत काठावर असल्यास. तेव्हा निवडून आलेले आमदार स्वतः पळत नाहीत, त्यांची पळवापळवी होते.

धावेचे सर्वांत निर्मळ चलन क्रिकेटमध्ये असावे अशी अपेक्षा असते, पण तिथेही शब्दाने खेळाडूंना फसवले आहे. चेंडू सीमेपार गेला की फलंदाज बॅटीवर रेलून उभा राहतो आणि त्याच्या खात्यावर चार धावा जमा होतात. गोलंदाजाने चेंडू भलतीकडे टाकला तर कोणीच काही न करता एक धाव मिळते, आणि तिला मराठी समालोचकांनी 'अवांतर' हे निबंधाच्या पुस्तकातले नाव देऊन योग्य जागी बसवले आहे. सुनील गावसकर यांनी कसोटी क्रिकेटमध्ये १०,१२२ धावा केल्या. फलंदाजाला एका धावेसाठी दोन्ही टोकांच्या रेषांमधले ५८ फूट ओलांडावे लागतात, त्या हिशेबाने या सगळ्या पायांनी काढायच्या झाल्या असत्या तर ते सुमारे १७९ किलोमीटर धावले असते, म्हणजे मुंबईहून रस्त्याने पुणे गाठून बरेच पुढे. ते तितके धावले नाहीत याचे श्रेय त्यांच्या फटक्यांना आहे. जखमी फलंदाजासाठी दुसऱ्याने धावण्याची, म्हणजे 'रनर'ची, सवलत आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून २०११ साली काढून घेण्यात आली, त्याच साली ऑक्सफर्डने 'रन'ला सिंहासनावर बसवले हा योगायोग कोणी मुद्दाम घडवून आणलेला नसावा. बाळ ज. पंडित यांच्यासारख्यांनी रुजवलेल्या क्रिकेटच्या मराठी वर्णनाला 'धावते समालोचन' म्हणत, आणि ते करणारा माणूस पाच दिवस खुर्चीतून हलत नसे.

धावण्याच्या नावाखाली उभे राहण्याचा हा प्रकार अर्थशास्त्रात कळसाला पोचतो. एखादी बँक बुडणार अशी वदंता उठली की ठेवीदार पैसे काढायला लोटतात, आणि या घटनेला इंग्रजीत बँकेवरची 'रन' म्हणतात. सप्टेंबर २००७ मध्ये ब्रिटनमधील नॉर्दर्न रॉक या बँकेवर अशी रन झाली, तेव्हा छायाचित्रांत दिसले ते शाखांबाहेर शिस्तीत ताटकळत असलेले रांगेतले नागरिक. मराठीत या प्रसंगाला झुंबड म्हणतात, ज्यात धावणे अपेक्षितच नाही, रेटणे अपेक्षित आहे, आणि प्रत्यक्षात तेच घडते.

मराठीने 'धावणे' हे क्रियापद इंग्रजीच्या शब्दाला शब्द ठेवून, एरवीचा आपला चालण्याचा आग्रह सोडून, एका ठिकाणी मात्र बिनतक्रार स्वीकारले आहे, आणि ते ठिकाण म्हणजे रेल्वेचा फलाट. तांत्रिक बिघाड, रुळांवर साचलेले पाणी किंवा रविवारचा मेगाब्लॉक यांपैकी काहीही निमित्त झाले की ध्वनिक्षेपकावरून एक अत्यंत शांत आवाज कळवतो की गाड्या पंधरा ते वीस मिनिटे उशिराने धावत आहेत. गाडी ठाणे आणि मुलुंड यांच्या मध्ये उभी असते, आतले प्रवासी दारातून वाकून सिग्नलकडे पाहत असतात, काही जण रुळांवर उतरून खरोखरीच चालू लागलेले असतात, आणि घोषणेप्रमाणे या सर्व काळात गाडी धावत असते. याच फलाटावर धावत्या गाडीत चढू नये अशी सूचनाही ठळक अक्षरांत रंगवलेली असते. ती गाडीची वाट पाहणाऱ्या गर्दीने वाचलेली नाही असे नव्हे, पण गाडी थांबल्यावर आत बसायला जागा उरत नाही ही माहिती त्या फलकावर दिलेली नाही.